निळ्या डब्यातलं कार्ड

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर माझा आवाज चढला. तू रडवेली झाली होतीस आणि मी अवतरण चिन्हांवरून बोलत बसले. पण गाइडनी परत पाठवलेला परिच्छेद तुझा की त्या लेखातला, हे तुलाच सांगता येईना, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. तू चोरी करणार नाहीस, हे मला माहीत आहे. वाचणाऱ्याला कसं कळणार?

आज माझ्या प्रबंधाच्या टिपणांचा निळा डबा खाली काढला. एका कार्डावर सात ओळी आहेत, सुवाच्य अक्षरात. चिन्हं नाहीत, पान क्रमांक नाही. माझ्या की कुणाच्या, आजही सांगता येत नाही. प्रबंध टायपिंगला द्यायच्या आदल्या रात्री मी त्या ओळींवर बेतलेलं अख्खं पान प्रबंधातून काढून टाकलं. बाबा दाराशी उभे होते, एक शब्द बोलले नाहीत.

म्हणून सांगते. टिपण काढताना आधी लेखक, वर्ष, आवृत्ती, पान लिही. आवृत्ती बदलली की पानंही बदलतात. शब्द जसेच्या तसे घ्यायचे तर पहिल्यांदा चिन्ह दे, मग उतरव. सारांश लिहिताना पुस्तक मीट, आणि लिहून झाल्यावर उघडून ताडून बघ. पान समोर असलं की चार शब्द बदलून तेच वाक्य उतरतं आणि महिन्याभरात आपलंच वाटू लागतं. स्वतःचा विचार वेगळ्या रंगात लिही. झोटेरोसारखं सॉफ्टवेअर संदर्भ सांभाळतं, पण वहीतलं वाक्य कुणाचं, ते तुलाच लिहावं लागतं.

आणि तुझ्या मताविरुद्ध जाणारं काही सापडलं तर लगेच टीप. अशा गोष्टी सोयीच्या गोष्टींपेक्षा लवकर विसरतात, म्हणून आपण त्या न चुकता तत्काळ टिपायचो, असं डार्विननं आत्मचरित्रात लिहिलंय.

बघ, पुन्हा शिकवायला लागले. माफ कर. तुझा तिकिटांचा अल्बम आठवतो. प्रत्येक तिकिटाखाली कुणी दिलं ते लिहायचीस. एकाखाली लिहिलं होतंस, ‘दादाचं, न विचारता घेतलं.’ तो चिडला होता. मला मात्र तेव्हा केवढा अभिमान वाटला!

तो मूळ लेख मिळाला का? ओळीला ओळ लावून बघ. कितीही वाजले तरी फोन कर, मी जागीच आहे.

तुझी,
आई