लाल खटका दाबला म्हणजे क्रशर बंद झाला नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात खडी क्रशरवरच्या मृत्यूची बातमी वाचली. ‘अडकलेला दगड काढताना कामगाराचा तोल गेला’ या एका वाक्यात आपण ती संपवली आहे. मशीन ‘बंद होते’ असेही मालकाच्या हवाल्याने छापले आहे. बंद होते म्हणजे नक्की काय होते, हे आपल्या वार्ताहराने विचारायला हवे होते.

३० बाय २० इंची तोंडाचा जॉ क्रशर, म्हणजे हलत्या जबड्याने दगड फोडणारे मशीन, घ्या. त्याच्या तोंडाची फट २० इंच. त्यात फार तर सोळा-सतरा इंचांचा दगड नीट जातो. दोन फुटी धोंडा टाकला की तो तोंडावर आडवा बसतो, खालचा माल पडून जातो आणि जबडा मोकळाच हलत राहतो. अशा वेळी खटका दाबला तरी दोन्ही बाजूंची फ्लायव्हील, म्हणजे जड चाके, लगेच थांबत नाहीत. त्यांच्यावर लोड नसतो, त्यामुळे ती मिनिटभर, कधी त्याहून जास्त फिरत राहतात. मोटरचा आवाज मात्र बंद झालेला असतो आणि कामगार त्या आवाजावर विसंबून खाली उतरतो.

तोंड गच्च भरून चोक झाला असेल तर धोका वेगळा. तेव्हा चाके जागच्या जागी थांबतात. पण फ्लायव्हीलला एका बाजूला वजन असते. ते वरच्या अंगाला थांबलेले असले, तर पहारीने दगड ढिला होताच चाक खाली यायला बघते आणि जबडा हलतो. विजेचा संबंधच नाही. पाव फेरी फिरले तरी पाय चिरडायला पुरे.

म्हणून आधी क्रशरच्या तोंडात माल सोडणारा फीडर थांबवायचा, मग क्रशर. दोन्ही चाके थांबलेली डोळ्यांनी बघायची. पॅनेलचा मेन स्विच पाडून त्याला कुलूप लावायचे आणि किल्ली जो उतरणार त्याच्याच खिशात ठेवायची, मुकादमाकडे नव्हे. दोघे उतरणार असतील तर दोन कुलपे. मग स्टार्टचे बटण एकदा दाबून बघायचे, मशीन उठत नाही याची खात्री करायची. फ्लायव्हीलला पाचर मारायची. फीडरलाही तसेच कुलूप हवे, कारण हॉपरमधला, म्हणजे डंपर ओततो त्या टाकीतला, माल वरून घसरतो, आणि मागे लागलेल्या डंपरचालकाला खाली माणूस आहे हे दिसत नाही. एवढे करूनही माणूस उतरवणे हा शेवटचा मार्ग. धोंडा वरूनच पोकलेनच्या ब्रेकरने फोडावा किंवा स्लिंग लावून उचलावा. उतरावेच लागले तर कमरेचा नुसता पट्टा नको, अंगभर हार्नेस हवा, आणि त्याचा दोर क्रशरला न बांधता वरच्या पक्क्या आधाराला बांधलेला हवा.

शेतपंपाला वीज आली की आपोआप चालू करणारा ऑटो स्विच लावतात. तसला स्विच क्रशरच्या स्टार्टरला कधीही लावू नये. वीज गेली म्हणून कोणी तोंडात उतरला आणि वीज आली, तर त्याला ओरडायलाही वेळ मिळणार नाही.

मुळात तो धोंडा तिथवर आलाच का? खाणीतच ब्रेकरने फोडून घेतला असता, तर पहार घेऊन उभे राहायची वेळ आली नसती. पण ब्रेकरचे तास वाचवायचे म्हणून मोठा माल तसाच हॉपरमध्ये ओतला जातो. टॉगल प्लेटचेही तसेच. बकेटचा तुटलेला दात मालातून जबड्यात आला, तर स्वतः मोडून मशीन वाचवावे म्हणून ती प्लेट असते. वारंवार मोडते म्हणून तिच्या जागी जाड पत्रा वेल्डिंग करून बसवला, तर पुढचा झटका शाफ्ट आणि बेअरिंगवर जातो. ते दुरुस्त करायला पुन्हा माणूसच आत घालावा लागतो.

बातमीसोबतच्या छायाचित्राबद्दलही लिहिले पाहिजे. खडी वाहणाऱ्या पट्ट्याची, म्हणजे कन्व्हेयरची, शेपटाकडची पुली उघडी आहे, जाळी नाही, ओढताच पट्टा थांबवणारी बाजूची तार नाही, आणि गळ्यात उपरणे असलेला माणूस फावड्याने सांडलेली खडी उपसतो आहे. पट्टा आणि पुली यांच्या सांध्यात उपरण्याचे टोक गेले की मान खेचली जाते. फिरत्या भागांना कुंपण हवे, हे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २१ मध्येच लिहिले होते. आपण तेच छायाचित्र तीन कॉलम छापले आणि खाली ओळ दिली, ‘क्रशरवर काम सुरळीत सुरू’. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी.

पुढच्या वेळी ‘तोल गेला’ लिहिण्याआधी वार्ताहराने जागेवर एवढे जरूर विचारावे: पॅनेलला कुलूप होते का, आणि किल्ली कोणाच्या खिशात होती?

आपला,
क्रशर देखभालीच्या कामातील एक वाचक,
जि. पुणे