वेलांटी पहिली की दुसरी?

आदरणीय बाई,

सादर सलाम.

हे पत्र खरे तर मागच्या वर्षीच लिहायला हवे होते. दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा 'आपले आभार' या शब्दांपुढे लेखणी सरकली नाही. आता ते चारचौघांना वाचता येईल असे उघडपणे लिहीत आहे, कारण आपण आमच्या घरी येऊन जे केलेत ते लोकांना कळावे असे मला वाटते. आणि खोटे कशाला बोलू, ज्यांनी ते आधी करायला हवे होते आणि केले नाही, त्यांच्याही नजरेखालून ते जावे असे वाटते.

आमची मुलगी आठव्या महिन्यात पोटातच गेली. दवाखान्यातून निघालो तेव्हा माझ्या मांडीवर एक लहान पेटी होती. ज्या रिक्षात बसलो तिच्या चालकाने एकही प्रश्न न विचारता चालू असलेले गाणे बंद केले आणि वाटेतला प्रत्येक गतिरोधक इतक्या हळू ओलांडला, की मागे कोणी झोपलेले असावे. त्या माणसाचे नावगाव मला ठाऊक नाही. आभाराच्या पत्रात त्यालाही जागा असावी म्हणून हे आधी सांगितले.

ज्यांचे नावगाव ठाऊक आहे त्यांच्याविषयी थोडक्यात लिहितो. दफनाच्या वेळी एका जबाबदार गृहस्थांनी मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगितले, की बाळाचा बाप्तिस्मा झालेला नसल्यामुळे घंटा वाजवता येणार नाही आणि पूर्ण विधीही करता येणार नाही, चार ओळींची प्रार्थना तेवढी करू. ती प्रार्थना उरकली गेली. 'झाली' असे मला म्हणवत नाही. पुढचे दोन आठवडे घरात माणसांची रीघ होती. प्रभूला आपल्या बागेसाठी कळी हवी होती, देवाची योजना आपल्याला कळत नसते, तुमचे वय अजून गेलेले नाही, असे जो तो सांगून जाई. प्रार्थनेसाठी आलेल्या एका गटातल्या भगिनींनी तर विश्वासात कुठे उणीव राहिली का, घरात काही लपलेले पाप आहे का, हे शोधायला सांगितले, आणि त्या संध्याकाळपासून माझी पत्नी भिंतीकडे तोंड करून निजू लागली. मला मात्र सगळे 'त्या कशा आहेत' एवढेच विचारत. बाप म्हणून माझेही काही गेले आहे, हे कोणाच्या ध्यानातच आले नसावे. लग्नात चर्चच्या मंडळीने दिलेले पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मी कपाटावर, सुटकेसच्या मागे ठेवून दिले. उपासनेला जाणे बंद केले. देव नाही असे मला वाटत नव्हते. तो आहे आणि त्याने हे होऊ दिले, हेच सहन होत नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात आपण आलात. पाऊस होता. छत्री दाराबाहेर उपडी ठेवून आपण आत आलात, माझ्या पत्नीच्या उशाशी खाली जमिनीवर बसलात आणि तासभर काहीही बोलला नाहीत. रविवारच्या शब्बाथ शाळेत आपणच आम्हाला शास्त्रातल्या ईयोबाचे, मुलेबाळे आणि सर्वस्व गमावलेल्या त्या माणसाचे, मित्र शिकवले होते: सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याबरोबर भुईवर बसले, त्याचे दुःख फार मोठे आहे हे पाहून एक शब्दही बोलले नाहीत. तोपर्यंत ते उत्तम मित्र होते, पुढचा बिघाड तोंड उघडल्यावर झाला, असे आपण म्हणायचात आणि आम्ही मुले हसायचो. त्या विनोदाचा अर्थ कळायला मला तीस वर्षे लागली.

उठताना आपण शास्त्र मागितलेत. मी ते ओशाळून कपाटावरून काढले. आपण पदराने त्यावरची धूळ पुसली आणि 88 वे स्तोत्र वाचलेत. विलापाची बहुतेक स्तोत्रे शेवटाकडे वळण घेतात, रडणारा माणूस देवाची स्तुती करू लागतो; हे मात्र तसे वळत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच 'अंधार' असा आहे. आपण त्या अंधाराशी थांबलात, पुस्तक मिटलेत आणि पुढे दिलाशाचे एकही वाक्य जोडले नाहीत. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला वाटले, की मी जिथे आहे ती जागा शास्त्राला ठाऊक आहे.

पुढच्या खेपेला आपण योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढलात. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? आणि येशू म्हणतो, यानेही नाही, त्यांनीही नाही. हे वाक्य आपण दोनदा वाचलेत, दुसऱ्यांदा जरा मोठ्याने, भिंतीकडे तोंड करून निजलेल्या माणसाला ऐकू जाईल असे. मग आपण दाविद राजाच्या बाळाची गोष्ट काढलीत, तेव्हा मी ताठरलो. कारण ते बाळ दाविदाच्या पापापायी गेले, हे मला पाठ होते. ते आपल्या लक्षात आले. "ती शिक्षा दाविदाची, तुझी नाही. तू फक्त शेवट ऐक," असे आपण म्हणालात. बाळ गेले हे दाविदाला सांगायचे कसे म्हणून सेवक कुजबुजतात, तो ओळखतो, उठतो, अंग धुतो, जेवतो आणि म्हणतो, मी त्याच्याकडे जाईन, पण ते माझ्याकडे परत येणार नाही. सातव्या दिवशी गेलेले ते बाळ. त्याच्यावर कोणता विधी झाला होता की नाही, हा प्रश्न तिथे कोणी काढलेला नाही.

आणि मग आपण म्हणालात, "त्या लेकराचे नाव मात्र शास्त्रात कोणी लिहून ठेवले नाही. आपण हिचे लिहू या. काय ठरवले होते?"

बाई, तोवर आमच्या मुलीचे नाव आम्हाला कोणीही विचारले नव्हते. मी ते कसेबसे सांगितले. सुरुवातीच्या ज्या कोऱ्या पानावर माझ्या सासऱ्यांनी आमच्या लग्नाची तारीख लिहिली होती, ते पान आपण उघडलेत. माझे पेन चालेना, तेव्हा वर्तमानपत्राच्या कडेला गिरगिटून ते चालू केलेत. पहिले अक्षर काढलेत आणि थांबलात. चष्म्यावरून माझ्याकडे पाहून, वर्गात विचारायचात त्याच आवाजात आपण विचारलेत, "वेलांटी पहिली की दुसरी?"

मला उत्तर येईना. ते नाव आम्ही रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या एकमेकांना ऐकवले होते, कागदावर कधी लिहिलेच नव्हते. मी गप्प राहिलो, आणि भिंतीकडून आवाज आला, "दुसरी." कितीतरी दिवसांत माझी पत्नी आपण होऊन बोललेला तो पहिला शब्द होता. आपण मान हलवलीत, दुसरी वेलांटी दिलीत, नावापुढे एकच तारीख दोनदा लिहिलीत, जन्माची आणि मृत्यूची, आणि शाई वाळेपर्यंत पानावर हलकी फुंकर घालत राहिलात. मोठमोठ्या प्रार्थनांनी जे झाले नाही ते त्या एका प्रश्नाने झाले. जिच्याविषयी ऱ्हस्वदीर्घाची चूक होऊ नये अशी काळजी कोणी घेते, ती मुलगी या जगात आली होती, हे त्या दिवशी आमच्या घरात ठरले.

चहा घेताना आपण पंडिता रमाबाईंविषयी बोललात. आपली आजी दुष्काळात केडगावला त्यांच्या मुक्तिसदन आश्रमात आलेली, त्यामुळे त्या आपल्या बोलण्यात घरच्या माणसासारख्या येतात. आईवडील दुष्काळात गेले, 1880 साली भाऊ गेला, 1882 साली पती गेले, आणि 1921 साली मनोरमा, एकुलती एक लेक, आईच्या आधी गेली. हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत शास्त्र उतरवण्याचे काम त्या तेव्हाही करत होत्या. पुढच्या एप्रिलात त्याही गेल्या. इतके सांगून आपण थांबलात. त्यांच्यासारखे व्हा, असे म्हणाला नाहीत, याबद्दलही आभार.

मी सावरलो आहे असे लिहिले तर आपल्याला ते पटायचे नाही. काही रात्री अजून वाईट जातात. पण त्या रात्री मी आता प्रार्थना करतो, आणि ती गोड नसली तरी चालते, हे आपल्यामुळे कळले. वधस्तंभावर 'एली, एली, लमा सबख्थनी', माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, असे म्हणणारा येशूही स्तोत्रातलेच शब्द बोलत होता. मेलेल्या लाजराला, आपल्या मित्राला, आपण उठवणार आहोत हे ठाऊक असूनही जो त्याच्या कबरेकडे जाताना रडला, त्या प्रभूवर माझा विश्वास आहे. कळ्या खुडणाऱ्या माळ्यावर तो कधीच नव्हता. उपासनेला आम्ही जातो, मागच्या बाकावर बसतो. त्या गृहस्थांना सलामही करतो. त्यापलीकडे अजून जमलेले नाही.

ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेआधी कबरेवर दगड बसवून घ्यावा असे आम्ही ठरवले. परवा पाथरवटाकडे गेलो, कागदावर नाव लिहून दिले. माझे अक्षर कसे आहे ते आपण जाणताच. त्याने कागद उजेडात धरला, नावावर बोट ठेवले आणि विचारले, "साहेब, ही वेलांटी पहिली की दुसरी?"

"दुसरी," मी म्हणालो.

आपला विद्यार्थी