समुद्रकाठच्या गॅलरीचा माल शनिवारपर्यंत जमा करा

सर्व सभासद ताई-दादांना नमस्कार.

आपल्या बांबूच्या आणि पितळी वस्तू घेऊन कोकणातल्या गॅलरीसाठी गाडी रविवारी पहाटे निघेल. शनिवारी संध्याकाळी ५ च्या आत माल समाजमंदिरात आणून द्या. उशिरा आलेला पुढच्या खेपेला.

आपल्याकडं उन्हाळ्यात बांबू कडकडीत वाळतो, तिथली हवा मात्र दमट आणि खारी. जराशी ओल राहिली की बुरशी धरलीच म्हणून समजा. त्यामुळं बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून, सावलीत वाळवलेल्या कामट्यांचाच माल घेऊ. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूचं काही आणू नका, त्याला भुंगा लवकर लागतो. दिव्याच्या शेडची आतली बाजू बोटानं चाचपा. कुसळ टोचत असेल तर पॉलिश पेपर मारा. भडक रंग देण्याच्या फंदात पडू नका, बांबूचा मूळ रंगच शोभतो (हे माझं मत, पण भांडायला तयार आहे).

ढोकऱ्याच्या (मेणाचा साचा करून ओतलेल्या) पितळी मूर्ती मेणाचा हलका हात देऊन, कोरड्या कापडात गुंडाळा. खाऱ्या हवेत पितळ लवकर काळं पडतं.

प्रत्येक वस्तूला बनवणाऱ्याचं नाव आणि गाव लिहिलेली चिठ्ठी बांधा. किंमत लिहू नका, ती शनिवारी बसून ठरवू.