रांगेतला नंबर जात नाही, मृणाल

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू कमी बोललीस आणि आईला काही कळू दिलं नाहीस. समीरने नंतर मला सांगितलं. इराच्या वेळी ज्यांच्या बायकोने तुला महिनाभर डबे पोचवले, त्यांनाच तुमच्या अमेरिकेतल्या कंपनीने काढलं. त्यांचं काम तुझ्याकडे आलं आणि जायच्या आधी ते त्यांनीच तुला शिकवायचं. शेवटच्या दिवशी ते म्हणाले, "तुला दोष देत नाही, पण तू त्यांना स्वस्त पडतेस." हे तुला लागलं, म्हणून हे पत्र. फोनवर मला नीट बोलता येत नाही, तुला माहीतच आहे.

साठ दिवसांचा विषय काढायचा नाही, असं ठरवून बसलोय.

ते म्हणाले ते खरं की खोटं, हे समजून घ्यावं म्हणून नीलेशकडून बरेच कागद प्रिंट करून घेतले. बाउंड, खन्ना आणि मोरालेस या तिघा अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या १९९४ ते २००१ च्या कम्प्युटर तेजीचा हिशेब मांडलाय. बाहेरच्या देशांतून आलेली माणसं वाढलीच नसती, तर २००१ मध्ये तिथल्या कम्प्युटरवाल्यांचे पगार २.६ ते ५.१ टक्क्यांनी जास्त असते, असं ते म्हणतात. म्हणजे त्या माणसाचं बोलणं अगदीच वाऱ्यावरचं नाही. पण त्याच हिशेबात कंपन्यांचा नफा वाढला आणि गिऱ्हाइकाला माल स्वस्त मिळाला, हेही आहे. पेरी, शिह आणि स्पार्बर यांनी १९९० ते २०१० ची तिथली शहरं तपासली, तर जिथे तुमच्यासारखे तंत्रज्ञ जास्त आले तिथे शिकलेल्या स्थानिकांचे पगार वाढलेले दिसले. दोन्ही वाचून मला एवढंच कळलं, की सगळा दोष तू एकटीने अंगावर घेऊ नयेस.

आता तुझ्या पगाराचं. लहानपणी हट्टाने ट्रिगनोमेट्री सोडवून दाखवणारी तू स्वतःच्या पगाराचं गणित मांडत नाहीस, याचं मला नवल वाटतं. तुमच्या एच-१बी व्हिसाच्या अर्जात पगाराच्या चार लेव्हल असतात. त्या भागात त्याच कामाच्या शंभर जणांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं, तर पहिली लेव्हल १७ व्या माणसापाशी, दुसरी ३४ व्या, तिसरी ५० व्या आणि चौथी ६७ व्या. तुझ्या कागदावर अजून दुसरीच आहे. जाणाऱ्या माणसाचं सगळं काम हातात आलं, चार पोरांना तू शिकवतेस आणि कागदावर जागा मात्र थोडक्या अनुभवाची! अट कमी लिहिली की लेव्हल खाली येते, ही युक्ती मला नवी नाही. कायद्यात तर असंही आहे, की सरकारने धरलेला पगार आणि त्याच कामाला ऑफिसात दुसऱ्याला मिळणारा पगार, यातला जो जास्त तो द्यायचा. मग शेजारच्याला काय मिळतं हे तू कधी विचारलंस का?

सातपूरला आमच्या मशीन शॉपमध्ये ठेकेदाराची पोरं आली, तेव्हा तू बालवाडीत होतीस. लेथ तीच, जॉब तोच, पगार निम्म्याहून कमी. आम्हाला सेफ्टी शूज, ती पोरं चपलेवर. साक्रीकडचा एक पोरगा होता. फार हुशार हात, मायक्रोमीटर नुसता धरला तरी माप सांगायचा. एकदा त्याचं बोट चांगलंच कापलं, तर त्याने त्यावर कॉटन वेस्ट गुंडाळून शिफ्ट पुरी केली. मी म्हटलं, फर्स्ट एडला चल. म्हणाला, "काका, नोंद झाली तर ठेकेदार ब्रेक देईल." सात महिन्यांनी ब्रेक, पुन्हा हजेरी, पुन्हा ब्रेक. युनियनमध्ये दोन तट पडले. बरेच जण म्हणायचे, ही आपल्या पोटावर पाय द्यायला आलीत. मी आणि सावंतकाका म्हणत होतो, यांना सभासद करून घ्या. ती पोरं मान वर करून पगार मागू शकत नाहीत तोवर आपलाही वाढणार नाही. आमचं कोणी ऐकलं नाही. पुढच्या करारात मॅनेजमेंटने तोंडावर सांगितलं, काम तर होतंय, वाढ कशाला? तुझ्या दहावीच्या वर्षी आईची पाटली कशी गेली, ते तुला ठाऊक आहेच.

त्या पोराने आमचा पगार पाडला नाही. त्याला बोलायची सोय नव्हती, म्हणून तो पडला. तू येऊन कोणाचा पगार पडला असेल, तर तो तू गप्प बसतेस म्हणून. गप्प बसतेस कारण घराचा हप्ता, इराची शाळा, समीरचं वर्क परमिटसुद्धा तुझ्याच कागदावर. नोकरी गेली तर साठ दिवस. साठ दिवसांत नवीन कंपनी नाही तर बोऱ्याबिस्तरा. बघ, आलाच विषय.

भाषण झालं. माफ कर. गेट मीटिंगची सवय घरी गेली नाही, असं आई म्हणते ते खोटं नाही. तू त्या देशात एकटी जाऊन उभी राहिलीस, सातपूरच्या कॉलनीतली पहिली. अजूनही कोणी विचारलं तर मी कंपनीच्या नावासकट सांगतो. तुला कमी समजतो म्हणून लिहीत नाहीये.

पण ग्रीन कार्डची रांग हलेपर्यंत या कंपनीतून हलायचं नाही, असं तू समीरला म्हणालीस, ते मला पटत नाही. वर्षाच्या ग्रीन कार्डांतली एका देशाला सात टक्के हा नियम, आणि आपली माणसं इतकी. ती रांग कधी हलणार? नीलेशने शोधून दिलं, की आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर झालेला असला तर कंपनी बदलली तरी रांगेतला नंबर जात नाही. मंजुरीला १८० दिवस झाले की जुनी कंपनी तो मागे घेऊन मोडूही शकत नाही. नवीन कंपनीला कागद पुन्हा करावे लागतात, पण तुझी तारीख तीच राहते. नव्या कंपनीने व्हिसाचा अर्ज दाखल केला की तिथे कामही सुरू करता येतं, ही सोय २००० सालापासून आहे. २०२५ च्या सप्टेंबरात आलेली एक लाख डॉलरची फी बाहेरून नव्याने येणाऱ्यांसाठी आहे, आत राहून कंपनी बदलणाऱ्याला ती नाही, असं वाचलं. म्हणजे तू बांधलेली आहेस, पण वाटते तितकी नाहीस.

म्हणून नोकरी हातात असतानाच बाहेर दोन ठिकाणी बोलून बघ. मग मॅनेजरकडे जा, काम काय करतेस ते लिहून ने आणि लेव्हल वाढवून माग. रागाने नको. आणि त्या गृहस्थांना फोन कर. नवीन नोकरीसाठी तुझी शिफारस उपयोगी पडत असेल तर दे. त्यांच्या बायकोला आईने लोणच्याची बरणी पाठवायची म्हटलंय. कशी पाठवायची ते तूच सांग.

व्हिसाच्या स्टॅम्पिंगच्या तारखांचा घोळ मिटेपर्यंत इकडे येऊ नकोस. अक्का रडेल, तिला मी समजावतो. तिचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालंय. पाडव्याला नाही तर दिवाळीला. इराला मराठी वाचता येईल तेवढं वाचायला लाव, मी तिला वेगळं पत्र लिहितोय.

तुझे,
बाबा

ता. क. : हे सगळं कंपनीच्या वकिलाला विचारू नकोस, तो कंपनीचा असतो. स्वतःचा वकील बघ आणि समीरच्या परमिटचं काय होतं, तेही त्यालाच विचार. फीसाठी मागेपुढे बघू नकोस, पीएफमधले पैसे नुसते पडून आहेत, नीलेश पाठवायची व्यवस्था करेल. आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे का, ते कळव. साठ दिवस पटकन जातात.