कार्बन कार्ट्रिजच्या वेष्टनावरील चुकीच्या सूचनांबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: फिश टँकच्या हँग-ऑन (टाकीच्या काठावर अडकवायच्या) फिल्टरची कार्बन कार्ट्रिज

महोदय,

आपल्या कार्ट्रिजचे दोन नगांचे पाकीट बडोद्यात विकत घेतले. पावती व वेष्टनाचे फोटो सोबत जोडले आहेत. वेष्टनावरच्या सूचना जशाच्या तशा पाळल्या तर मासे दगावतील, म्हणून ही तक्रार.

सर्वांत घातक सूचना ही: ‘औषध चालू असतानाही कार्ट्रिज काढू नये.’ ॲक्टिव्हेटेड कार्बन मेथिलीन ब्लू, मॅलेकाइट ग्रीन ही औषधे पाण्यातून ओढून घेतो. ग्लासभर पाण्यात मेथिलीन ब्लूचे दोन थेंब टाका, चमचाभर धुतलेला कार्बन घालून ढवळत राहा. निळा रंग डोळ्यांदेखत फिका पडत जातो. टाकीतही हेच घडते. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर दिलेले औषध कार्बनमध्येच अडकते, गुण येत नाही आणि माणूस डोस वाढवत बसतो. कार्बन घालायचा तो उपचार संपल्यावर, उरलेले औषध काढण्यासाठी. पण आपल्या कार्ट्रिजमध्ये तो फिल्टर वूलच्या (कचरा गाळणाऱ्या कापसासारख्या तंतूंच्या) पिशवीत चारही बाजूंनी बंद केलेला आहे. कार्बन काढायचा तर वूलही काढावी लागते.

त्याच वूलवर आणि कार्बनच्या दाण्यांवर, माशांच्या घाणीतून येणाऱ्या विषारी अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करणारे जिवाणू वाढतात. आपण मात्र दर १५ दिवसांनी अख्खे कार्ट्रिज फेकायला सांगता! छोट्या फिल्टरमध्ये दुसरे काहीच नसते, त्यामुळे अमोनिया चढतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात. कार्बनची ताकद संपली तरी तो जिवाणूंचे घर म्हणून कामाचाच असतो. वूल टाकीतूनच काढलेल्या पाण्यात खळबळून परत लावावी. नळाच्या पाण्यातले क्लोरीन जिवाणू मारते.

‘अमोनिया व नायट्रेट शोषतो’ हे साफ खोटे आहे. अमोनियाला झिओलाइट हे खनिज लागते, नायट्रेटसाठी पाणी बदलावे लागते. ‘उकळून पुन्हा वापरा’ हेही तसेच: कार्बन पुन्हा सक्रिय करायला वाफेसह ८०० अंशांच्या आसपास तापणारी भट्टी लागते, गॅसवरचे पातेले नव्हे. आणि वापरण्यापूर्वी काळी भुकटी निघून जाईपर्यंत धुवावे, ही आवश्यक सूचना कुठेच नाही.

कार्बन निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे मुळीच नाही. लाकडामुळे आलेला पिवळेपणा, वास, उरलेले औषध काढायला तो फार कामाचा आहे. पण तो कायम ठेवायलाच हवा असे नाही, आणि हे गिऱ्हाइकाला कळले पाहिजे.

माझ्या मागण्या:
पाकिटाची किंमत परत करावी. दुकानांतल्या शिल्लक मालावर दुरुस्त सूचनांचे स्टिकर लावावे. कार्बनची पिशवी वेगळी, चेन लावलेली द्यावी आणि तिच्यावर वजन ग्रॅममध्ये छापावे.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवीन.

आपली ग्राहक,
दांडिया बाजार, बडोदे

सोबत: पावतीची प्रत, वेष्टनाचे फोटो