एक्सेल बघितली, वार बदल आधी

बाळा,

तू पाठवलेली एक्सेल शीट काल रात्री मोबाईलवर बघितली, अक्षर बारीक होतं म्हणून चष्मा लावून परत बघितली आणि मग हसायलाच आलं मला. रविवारी मकबरा, पाणचक्की, दौलताबाद. सोमवारी अजिंठा. मंगळवारी वेरूळ आणि घृष्णेश्वर. बुधवारी येताना लोणार. अरे राजा, अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं, म्हणजे दोन दिवस होते आणि तू दोन्हीही बरोब्बर उलटे टाकलेस. बापाचा मुलगा शोभतोस अगदी. नुसती अदलाबदल केलीस तरी भागेल, सोमवारी वेरूळ मंगळवारी अजिंठा, पण फोनवर तू "हो हो बघतो" म्हणून ठेवून देतोस म्हणून म्हणलं सविस्तर टाईपच करावं, सावकाश वाच.

तुला २००५ची ट्रिप आठवते का? पाचवीत होतास. बाबांनी तेव्हाही असाच कागद केला होता, एक्सेल नव्हती, कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पट्टीने रेघा मारून. आणि आपण सोमवारी सकाळी एसटीतून फर्दापूर फाट्याला उतरलो आणि तिथल्या टपरीवाल्याने चहा ओतता ओतता सांगितलं, आज बंद हाय. बाबांचं तोंड असं झालं होतं की मला हसावं का रडावं कळेना. ते दहा मिनिटं त्या टपरीवाल्याशीच वाद घालत होते, जसं काय कुलूप त्यानेच लावलंय!

पण त्याच्या आधीचा रविवार मला जास्त सांगायचाय तुला, तो तू विसरला असशील, मी नाही विसरले. वेरूळला ३४ लेणी आहेत, पहिली १२ बौद्ध, मग १३ ते २९ हिंदू, मग ३० ते ३४ जैन, हे मी पुस्तकातून वाचून पाठ करून गेले होते आणि माझ्या डोक्यात एकच, पैसे खर्च करून एवढ्या लांब आलोय तर सगळं झालंच पाहिजे. एक नंबरपासून सुरू केलं. प्रत्येक लेण्यात तुला उभं करून मी सांगतेय हे बघ हे बघ, आणि तू बूट घासत चाललायस. बाराव्यापर्यंत आलो, ते तीन मजली तीन ताल, आणि तू पायरीवर बसलास आणि म्हणालास, आई सगळ्या सारख्याच आहेत. मी तिथेच सगळ्यांसमोर तुझ्या पाठीत धपाटा घातला. मग आपण कैलास बघितलं, १६ नंबर, जगात असं दुसरं नाही असं लोक म्हणतात ते, आणि तू ते रडक्या डोळ्यांनी बघितलंस. म्हणजे बघितलंच नाहीस. चूक माझी होती. इतक्या वर्षांत कधी बोलले नाही ते आज त्या शीटमुळे निघालं, तेव्हा त्याचा एवढा उपयोग कर की तुझ्या लेकीला, चिऊला, त्या पायरीवर बसवू नकोस.

आता सोमवार. बंद आहे म्हणलं तरी परत कुठे जाणार, रात्रीची सोय तिथेच केलेली. मग एका जीपवाल्याने सांगितलं की समोरच्या डोंगरावर पॉईंट आहे तिथून लेणी दिसतात, आणि शंभर वेळा घासाघीस करून बाबांनी त्याला पटवलं. वरून बघितलं तर वाघोरा नदीचं ते वळण, घोड्याच्या नालासारखं, आणि त्या कड्यात ओळीने काळी काळी दारं. तुला तिथे कोणी काही सांगितलं नाही. बाबा रुसलेले, मी दमलेली. आणि तूच मोजायला लागलास. २६ आली. परत मोजलीस २८ आली. मग एक कॉलेजची मुलं होती त्यातल्या एकाने सांगितलं की आकडे ३० पर्यंत आहेत आणि १८१९ मध्ये एक इंग्रज अधिकारी, जॉन स्मिथ, वाघाच्या शिकारीला आला असताना त्याला अशाच एका डोंगरावरून झाडीत लेण्याची कमान दिसली. झालं! तू तास दीड तास हलला नाहीस. जीपवाला हॉर्न मारतोय आणि तुझं चाललंय की त्याला नेमकं कुठलं दार दिसलं असेल.

दुसऱ्या दिवशी आत गेलो तर आम्ही तुझ्या मागे पळतोय. तुला दहा नंबर हवा होता कारण त्या साहेबाने तिथल्या खांबावर स्वतःचं नाव आणि तारीख खरडून ठेवलीय, २८ एप्रिल १८१९. आता ती पुसट झालीय आणि माणसाच्या डोक्याच्या वर येते, कारण तेव्हा लेण्यात दगडमातीचा ढीग साचला होता आणि तो त्यावर उभा राहिला होता. हे ऐकल्यावर तू विचारलंस, मग त्याला दंड झाला का? बोर्डावर तर लिहिलंय भिंतीवर लिहू नये. आजूबाजूचे सगळे हसले, बाबांचा राग पण तिथेच गेला.

मी नंतर खूप वेळा विचार केला की तोच मुलगा, दोनच दिवसांचा फरक, मग असं कसं. माझ्या मते मुलांना माहिती दिली की ती दमतात आणि काम दिलं की ती धावतात. वेरूळला मी तुला माहिती देत होते. डोंगरावर तुला मोजायचं काम मिळालं, ते सुद्धा कोणी न देता. म्हणून तुझ्या शीटमध्ये जो कॉलम आहे ना, "स्थळाचं महत्त्व", तिथे तू गुगलवरून कॉपी केलंयस ते सगळं डिलीट कर आणि चिऊसाठी एकेक काम लिही. पाच वर्षांची आहे ती, कैलास कोरून घेणारे राष्ट्रकूट राजे कोण हे तिला नंतर कधीतरी शाळेत कळेल, नाही कळलं तर तुझ्यासारखी परीक्षेच्या आदल्या रात्री वाचेल.

मी काही कामं काढून ठेवलीत. अजिंठ्याला एक नंबरच्या लेण्यात एका खांबावर चार हरणं कोरलीत आणि चौघांत मिळून डोकं एकच आहे, कुठल्याही हरणाकडे बघितलं तरी ते डोकं त्याचंच वाटतं. ते तिला शोधायला लाव, तू दाखवू नकोस, तुला दिसलं तरी गप्प बस. पण आत गेल्या गेल्या नाही हं. बाहेर रणरणतं ऊन आणि आत काळोख, डोळ्यांना दिसायलाच पाच दहा मिनिटं लागतात आणि लोक दोन मिनिटांत "काही दिसत नाही इथे" म्हणून बाहेर येतात, मी स्वतः आले होते. आधी खाली बसा. डोळे मिटायचा खेळ खेळा, हळूहळू तो पद्मपाणी, हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाचं चित्र, भिंतीतून पुढे येतो, खरंच सांगते, अंगावर काटा येतो. तिने विचारलं की रंग कसे टिकले तर सांग की आधी भिंत सारवली, माती आणि भुसा वगैरे कालवून, आजीच्या गावच्या घरासारखी, वरून चुन्याचा पातळ हात दिला आणि ते सुकल्यावर चित्र काढलं. रंग बहुतेक दगडामातीचेच, काळा काजळीचा, फक्त तो निळा लांबून अफगाणिस्तानकडून यायचा. आणि फ्लॅश मारायचा नाही, तुझ्या मोबाईलचा आधीच बंद करून ठेव, तुला सवय आहे.

२६ नंबरला बुद्धाची झोपलेली मूर्ती आहे, महापरिनिर्वाण, सातेक मीटर लांब. चिऊला सांग तिच्या पावलांनी किती भरतात ते मोज, पायापासून डोक्यापर्यंत, पाऊल पुढे पाऊल मागे. आकडा काय येईल तो येवो, मला फोन करून सांगायचा. एवढं झालं की अजिंठा झालं तिचं. एक, दहा, सव्वीस. बाकीची तुला बघायची असतील तर आळीपाळीने जा, एक जण बघेल एक जण तिच्याजवळ बाहेर बसेल, माकडं बघायला. आणि हातात खाऊची पिशवी उघडी ठेवू नका, तिथली वानरं पिशवीचा आवाज ओळखतात.

वेरूळला कैलासपासूनच सुरू कर, नंबराची ओळ पकडू नकोस माझ्यासारखी. तिथे आधी बाजूच्या डोंगरावरून, आम्ही गेलो होतो तेव्हा पायवाट होती, वरून दाखव, छतावर कमळ आहे आणि त्याच्याभोवती सिंह. कारण ते वरून खाली कोरत आणलंय, कळस आधी आणि पाया शेवटी. पाच वर्षांच्या मुलीला हे आपल्यापेक्षा लवकर कळेल बघ, वाळूत खड्डा करत खाली जातात तसं. आठव्या शतकातलं काम, कृष्ण पहिला नावाचा राजा, हे तुझ्यासाठी. तिच्यासाठी काम म्हणजे हत्ती. अंगणात दोन मोठे, सोंड तुटलेले, आणि मंदिराच्या जोत्याला सगळीकडून हत्तीच हत्ती, जसं काय मंदिर त्यांच्याच पाठीवर ठेवलंय. मोजताना गोंधळ होणारच, होऊ दे. मग दहा नंबरचं सुताराचं लेणं, आतलं छत बघितलं की लाकडी वासे आहेत असं वाटतं, पण आहे सगळा दगड. तिथे हळू आवाजात काहीतरी म्हणायला लाव तिला, आवाज घुमतो छान. बास. दोनच.

दौलताबादला वरपर्यंत जायचा हट्ट नको. शेकडो पायऱ्या आहेत आणि उतरताना ती तुझ्या खांद्यावर असणार, तुझी पाठ आधीच दुखतेय. चांद मिनार (१४४५चा आहे तो) खालूनच बघायचा आणि पुढे चिनी महालाजवळच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे, तोफेच्या शेपटाकडे मेंढ्याचं डोकं, ती तिला आवडेल. अंधारी वाट मात्र टाळ, वटवाघळांचा वास येतो आणि तू स्वतः अकरा वर्षांचा असताना बाबांचा शर्ट सोडला नव्हतास, फोटो आहे माझ्याकडे.

लोणार कट. त्या खड्ड्यापर्यंत जायला यायला सगळा दिवस जाणार, तो उल्केने झालाय हे कळायलाही जरा वय लागतं, आणि बुधवारी तुम्ही सगळे एकमेकांवर चिडलेले असणार हे मी आत्ताच लिहून देते. मकबरा, पाणचक्की वेळ उरला तर, नाही तर नाही. सूनबाईंना विचारलंस का तिला काय बघायचंय? शीटमध्ये तिच्या नावापुढे फक्त "पॅकिंग" लिहिलंयस, ते वाचून मला तिच्या वतीने राग आला. एक दुपार पूर्ण तिला दे, साड्या बघेल नाहीतर झोपेल, तिची ती.

अजून एक. एक दिवस तरी गाडी हॉटेलवर ठेवा आणि एसटीने जा, वेरूळ जवळ आहे, तीस किलोमीटर. आता बायकांना अर्धं तिकीट आहे आणि चिऊलाही अर्धंच, म्हणजे पूर्ण पैसे तुझ्या एकट्याचे! तू शाळेत त्या ट्रिपवर निबंध लिहिला होतास तो मी ठेवलाय, त्यात वेरूळ एक ओळ, अजिंठा पाच ओळी आणि कंडक्टरकाकांच्या तिकीट पंच करायच्या चिमट्यावर अख्खं पान. तेव्हा मला वाईट वाटलं होतं, एवढे पैसे घातले आणि पोरगं चिमट्यावर लिहितंय. तो चिमटा आता नाही, मशीन आलं, पण तिकिटं तिच्या हातात दे. सांभाळायची जबाबदारी तिची. लेण्याच्या तिकिटांचंही तेच, तिला तिकीट लागत नाही, पंधरा वर्षांखालच्या मुलांना फुकट असतं, पण तुमची दोघांची तिच्या पर्समध्ये ठेवा आणि गेटवर तिलाच दाखवू दे.

खाण्याचं, पहिल्या दिवसापुरत्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मी देते, पुढचं तुमचं तुम्ही. टोपी दोन घ्या कारण एक हरवतेच. बॅटरी घ्या पण चित्रांवर मारू नका, पायाखाली बघायला.

बाबा विचारतायत आपण पण येऊ का. मी म्हणलं त्यांना बोलावलं तर जाऊ, उगाच मध्ये मध्ये नको. पण ते मघाशी माळ्यावरून जुनं कॅलेंडर शोधत होते, रेघा मारलेलं, त्यामुळे तू काय ते ठरव. बुकिंग करायच्या आधी फोन कर, आणि ते सोमवार-मंगळवार आत्ताच बदल, हे वाचून झालं की लगेच, नाहीतर विसरशील.

आई