चूक माझी झाली, सोहम

चि. सोहम,
अनेक आशीर्वाद.

समोरासमोर बोलायला गेलं की तू मान खाली घालतोस आणि माझा आवाज चढतो, म्हणून लिहिते आहे. चिठ्ठी तुझ्या गणिताच्या वहीत ठेवते. एकटा असशील तेव्हा वाच.

मंगळवारी रात्री मी पाणी प्यायला उठले, तर तुझ्या पांघरुणातून उजेड दिसला. पांघरूण ओढलं, फोन हिसकावला आणि "लाज नाही वाटत?" म्हणून ओरडले. तुझ्या कानातला एक इअरफोन उशीवर पडला होता. त्यातून कुणा बाईच्या ओरडण्याचा बारीक आवाज येत होता. तुझे हात थरथरत होते रे, पण ते माझ्या लक्षात आलं अर्ध्या तासानं, स्वयंपाकघरात बसून रडून झाल्यावर. तोवर तू भिंतीकडे तोंड करून पडला होतास. तसं बोलायला नको होतं मी. चूक माझी झाली.

तू काही शोधायला गेला नव्हतास, हे बाबांनी दुसऱ्या दिवशी पाहिलं. क्लासच्या ग्रुपवर कुणीतरी लिंक टाकली होती. मग एकातून दुसरं. ही ॲप कशावर किती वेळ थांबलास तेही मोजतात. तू घाबरून थबकलास तरी त्यांच्या हिशेबी तुला ते आवडलं, की लगेच तसलंच आणखी पुढ्यात.

मी नौपाड्यात वाढले तेव्हा घरात एकच टीव्ही होता. नको ते दृश्य आलं की आजी म्हणायची, "जा गं, पाणी आण." तेवढ्यात निभावून जायचं. आता ओटीटीवर कोपऱ्यात १३+, १६+ असे आकडे दिसतात ना? २०२१ च्या नियमांनुसार ते दाखवावे लागतात, आणि १३+ पासून वरच्या कार्यक्रमांना पालकांना कुलूप लावता येईल अशी सोय द्यावी लागते. आम्ही ते कुलूप लावलं आणि निर्धास्त झालो. ग्रुपवर येणाऱ्या क्लिपला असलं कुलूप नाही, हे डोक्यातच आलं नाही आमच्या.

शरीराबद्दल कुतूहल तुझ्या वयात असतंच. मलाही होतं, त्यात घाण काही नाही. मला झोप लागत नाही ती त्या आवाजामुळे. एक बाई कळवळते आहे आणि बघणाऱ्याला त्यात मजा वाटावी, असं ते मुद्दाम बनवलेलं असतं. तेराव्या वर्षी तेच पहिल्यांदा दिसलं तर प्रेम म्हणजे हेच असं वाटू शकतं. तसं नसतं, बाळा. ज्याच्यावर जीव असतो त्याला माणूस विचारतो. समोरचा नको म्हणाला, नुसता आखडला तरी थांबतो. हे सांगायला मी तू मोठा होण्याची वाट बघत होते, आणि त्या लिंकनं आधी गाठलं.

ती क्लिप पुढे पाठवू नकोस, कुणी कितीही चिडवलं तरी. तो गुन्हा आहे. आणि कधी कुणी तुझे फोटो मागितले किंवा धमकावलं, तर त्याच मिनिटाला मला सांग, मी ऑफिसात असले तरी. अठरा वर्षांखालच्यांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा पॉक्सो कायदा मुलींइतकाच मुलांसाठीही आहे. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर तू स्वतः फोन करू शकतोस, ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० आहे. पण आधी मला सांग. मी ओरडणार नाही आणि त्यापायी फोनही काढून घेणार नाही. हा शब्द आहे माझा.

रात्री दहानंतर मात्र तिघांचेही फोन हॉलमध्ये चार्जिंगला राहतील. माझाही. तुझा तिथेच ठेवलाय, पासवर्ड बदललेला नाही.

शनिवारी सकाळी ऐरोलीच्या खाडीवर फ्लेमिंगो बघायला जाऊ, दोघंच. मी काही विचारणार नाही. तुला बोलावंसं वाटलं तर बोल.

तुझी,
आई